न मागितलेले निकाल

तुफानचा नवा कोड चालू झाला त्या दिवशी सगळा मजला त्याच्यावर खूश होता, एक मी सोडून. तुफान हे आम्हीच ठेवलेलं नाव. या माणसाला जिनासुद्धा नीट उतरता येत नाही, पायऱ्या गाळत धावतो. आम्ही कारखान्याच्या वरच्या मजल्यावर बसतो आणि खालच्या खोल्यांमधल्या हवेवर नजर ठेवणारा प्रोग्रॅम सांभाळतो. तळघरात नायट्रोजनचे पाइप आहेत. हा वायू गळला तर ना वास येतो, ना ठसका लागतो. प्राणवायू कमी होतो आणि उभा माणूस आडवा होतो. म्हणून प्रत्येक खोलीतला सेन्सर सतत आकडे पाठवतो, प्रोग्रॅम ते एकेक करून तपासतो आणि आकडा घसरला की त्या खोलीत हॉर्न वाजवतो.

त्याच तळघरात माझा धाकटा भाऊ फिटर आहे. घरी त्याला चहा उकळेपर्यंत दम निघत नाही, पण पंप खोलून बसला की जेवणाचीही शुद्ध राहत नाही.

जुना प्रोग्रॅम रडतखडत चालायचा. सेन्सर वाढत गेले तशी तपासणीची एक फेरी संपता संपेना, तेव्हा साहेबांनी तुफानला कामाला लावलं. त्याने ही फेरी चालवणाऱ्या कोडची सगळी रचनाच बदलली आणि फेरी डोळ्याचं पातं लवायच्या आत संपायला लागली.

"इतकी झटपट?" मी म्हटलं. "अरे, आकडे तपासतोय की नुसता तोंड दाखवून येतोय?"

"मॅडम, काल तुमच्यासमोर चाचणी घेतली ना? वाजला की नाही हॉर्न?"

वाजला होता. मी स्वतःच्या कानांनी ऐकला होता.

"यांना कुणाचं चांगलं झालेलं बघवतच नाही," साहेब म्हणाले आणि सगळे खिदळले. मीही हसले. पण मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

दुपारी भावाचा फोन आला. "ताई, आतल्या खोलीतला पंप कुरकुरतोय, खाली उतरतोय. संध्याकाळी आईला दवाखान्यात तूच ने हं."

"वा रे वा! तुला बरे नेमके आजच पंप सापडतात!"

"अगं, खरंच सांगतोय..." एवढ्यात आवाज तुटला. तळघरात फोन लागत नाही.

मी चरफडत पडद्याकडे वळले. सगळ्या खोल्यांचे दिवे हिरवेगार. पण कोपऱ्यात प्रोग्रॅमने व्यापलेल्या मेमरीचा आकडा होता, आणि तो वाढत होता. फेरी संपली की प्रोग्रॅमने हात झटकून मोकळं व्हायला हवं. हा मात्र सकाळपासून फुगत चालला होता.

"तुफान, इकडे ये. चाचणीतला कोड आणि हा कोड, दोन्ही अगदी एकच आहेत?"

"एकच आहेत. फक्त शेवटची ओळ काढली, निकाल पडद्यावर छापायची. कोण बघतं ते निकाल? उगीच वेळ खात होती."

आम्ही प्रोग्रॅम लिहायला वापरतो ती भाषा पक्की कामचुकार आहे. हे आकडे तपास म्हटलं की 'हो' म्हणते आणि काम बाजूला ठेवून देते. कुणी निकाल मागितला तरच हात हलवते. एरवी ही सवय फायद्याची, नको ते काम वाचतं. चाचणीत आम्ही निकाल छापायला सांगत होतो, म्हणून ती तपासत होती. ती ओळ गेली आणि निकाल मागणारं कुणी उरलंच नाही. सकाळपासून एकही आकडा तपासला गेला नव्हता. नुसते साचत होते. दिव्यांना लाल व्हायला सांगणारंच कुणी नव्हतं.

मी हे बोलून दाखवलं तसा तुफानचा चेहरा उतरला. "मॅडम, मी... मी ती ओळ परत घालतो, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू..."

"बंद करशील तर खबरदार! साचलेले आकडे पुसले जातील! हो बाजूला. गेटवर फोन लाव, तळघर रिकामं करायला सांग!"

चालू प्रोग्रॅमकडेच मी सकाळपासूनचे सगळे निकाल मागितले. घाईत एक अक्षर दोनदा चुकलं.

निकाल भराभरा यायला लागले. हिरवे, हिरवे, पुन्हा हिरवे. मग 'तळघर, आतली खोली' आणि पुढे लाल. त्याच्याखाली लाल. त्याच्याखालीही लाल. आमच्या पायांखालची फरशी हॉर्नच्या आवाजाने हादरायला लागली. पहिल्या लाल ओळीपुढे वेळ होती सकाळच्या चहाची. भाऊ खाली उतरायच्या कितीतरी आधीची. तेव्हाच हॉर्न वाजला असता तर तो त्या खोलीत पाऊलही टाकता ना.

मी जिन्याकडे धावले. मागून साहेब काहीतरी ओरडत होते, काय ते मला कळलं नाही. माझी चप्पल कुठे सुटली तेही कळलं नाही.

तळघराच्या दाराशी घोळका जमला होता. बाहेरच्या खोलीत काम करणारे दोघं हॉर्न ऐकून पळत वर आले होते आणि भिंतीला टेकून धापा टाकत होते. मी त्यांचे चेहरे पाहिले. तो त्यांच्यात नव्हता.

"माझा भाऊ? आतल्या खोलीत होता तो!"

रखवालदाराने मान खाली घातली. "ताई, हॉर्न वाजतोय तेव्हापासून मी इथेच उभा आहे. आतून कुणी आलं नाही."

मास्क लावलेली माणसं सिलिंडर पाठीवर घेऊन उतरत होती. मी त्यांच्यामागे निघाले तर दोघांनी माझे दंड धरले. मला राग आला, त्यांचा, तुफानचा, दुपारी फोनवर भावाला टोमणा मारणाऱ्या माझ्या स्वतःच्या जिभेचा. मी त्या दारातूनच जीव खाऊन ओरडले, "अरे बाळ्या, ताई आलीय! वर ये! मी नेते आईला, तू वर ये!"

खालून फक्त हॉर्न ऐकू येत होता.