ओळखीची सुट्टी

तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांचं एका गोष्टीबद्दल ठाम मत होतं. बाजार मोकळा नसेल तर माणूस मोकळा नाही. करार दोघांच्या मर्जीने झाला की तिसऱ्याने त्यात नाक खुपसायचं नाही. वर्गात हे ते इतकं रंगून सांगत की मागच्या बाकावरची पोरंही जागी होत.

एका दुपारी त्यांची बायको न्हाणीघरात पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळात शस्त्रक्रियेची तयारी सुरू झाली आणि ती सारखी लेकीला हाक मारू लागली. लेकीचा फोन काही लागेना. ती एका गोदामात खोकी भरायची, आणि कामावर असताना तिथे फोन कपाटात बंद असायचे. प्राध्यापक तडक गोदाम गाठून दारात उभे राहिले.

बाहेर आलेला सुपरवायझर त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला.

"सर, तुम्ही इथे?" सगळं ऐकून तो ओशाळला. "आज माणसं कमी आहेत हो. पाळी संपेपर्यंत कुणालाच सोडत नाही आम्ही. कामावर येताना सगळ्यांनी तसं कबूल केलेलं असतं."

"अरे, पण कोंडून ठेवलंय की काय तिला?"

"कोंडलंय कुठे, सर? दार उघडंच आहे. ती आत्ता जाऊ शकते. फक्त उद्यापासून यायचं नाही." तो टोमणा मारत नव्हता, उलट धडा अजून लक्षात असल्याचा अभिमानच वाटत होता त्याला. "सोडून जाता येतं, म्हणूनच करार मोकळा. तुम्हीच शिकवलंत ना?"

प्राध्यापकांनी त्या उघड्या दाराकडे पाहिलं. मग त्यांनी जन्मात केलं नव्हतं ते केलं. "माझ्याकडे बघून तरी सोड रे," ते म्हणाले.

तो विरघळला. त्याने लेकीला बोलावून घेतलं. तिच्यामागून खोक्यांना चिकटपट्टी लावणारी एक बाई दारापर्यंत आली आणि सुपरवायझरला म्हणाली, "माझं पोर तापाने फणफणलं होतं तेव्हा मला नाही सोडलंत, साहेब. माझ्या बापाने तुम्हाला शिकवलं नव्हतं, एवढंच ना?"

प्राध्यापकांना वर बघवेना.

टॅक्सीत लेकीने आईची चौकशी केली. मग न राहवून ते म्हणाले, "सोड ही नोकरी. घरी ये."

"घरी?" ती बाहेर बघत म्हणाली. "बाबा, कुठे जायचं, कुणाशी बोलायचं, काय घालायचं, घरात सगळं तुम्ही ठरवायचात. या नोकरीवर मी स्वतःची खोली घेतली. पहिल्या दिवशी आतून कडी लावली आणि कितीतरी वेळ नुसती बसून राहिले. तुमचा बाजार अगदीच वाईट नाही हो. तुमच्या तावडीतून त्यानेच सोडवलं मला. पण त्या ताईला कोण सोडवणार?"

माणसाच्या स्वातंत्र्यावर आयुष्यभर बोललेल्या त्या माणसाला कानांच्या पाळ्या तापल्यासारख्या वाटल्या. टॅक्सीवाला आरशातून बघतोय हे कळून तर ते आणखीच आक्रसले.

शस्त्रक्रियेआधी मायलेकींची भेट झाली. बायको हळूहळू सावरली. ती काठी धरून चालू लागल्यावर प्राध्यापक पुन्हा गोदामावर गेले. अडचणीच्या वेळी सगळ्यांनाच सोडत जा, असं त्यांनी विद्यार्थ्याला विनवून पाहिलं.

"सर, एकदा तुमच्या शब्दाखातर केलं," तो हळू आवाजात म्हणाला. "रोज केलं तर मलाच घरी बसवतील. मलाही सोडून जाता येतंच की."

जेवणाच्या सुट्टीत ती बाई बाहेर आली. काय बोलायचं ते प्राध्यापकांनी वाटेत घोळवून ठेवलं होतं. "त्या दिवशी... तुमच्यावर अन्याय..." एवढंच ते पुटपुटले.

बाईने डब्याचं झाकण उघडता उघडता त्यांच्याकडे पाहिलं. "काकू कशा आहेत?"

"चालते आता."

"मग झालं तर," ती म्हणाली आणि भिंतीच्या सावलीत त्यांना बसायला जागा करून देत थोडी सरकली.

ते बसले नाहीत. बसवेचना त्यांच्याने.