रेझ्युमेतली लिफ्ट

सात वर्षं वकिली करून रेझ्युमेत लिहिण्यासारखं माझ्याकडे काय होतं, तर एक लिफ्ट.

बाकी सगळा वेळ मी साहेबांच्या ऑफिसात ज्युनिअर होते. साहेब नामांकित. ते पुढे रिकाम्या हातांनी चालायचे आणि मी मागून तीन फायली, कायद्याचं एक जाडजूड पुस्तक आणि त्यांच्या घशाच्या गोळ्या सांभाळत धावायचे. आमचा पुकारा झाला की उभं राहायचं, "साहेब दुसऱ्या कोर्टात आहेत, पुढची तारीख मिळावी," एवढं म्हणायचं आणि बसायचं. साहेब दुसऱ्या कोर्टात नसून खाली चहा पीत आहेत, हे न्यायाधीशांनाही माहीत असायचं. तरी तारीख मिळायची.

म्हणून एका मोठ्या फर्मची जाहिरात आली तेव्हा मी ठरवलं, आता बस झालं. तिथे ज्यानं काम केलं त्याचं नाव कागदावर छापतात, असं ऐकलं होतं. मला तेवढंच हवं होतं. वयाला चौतिसावं लागलं होतं आणि माझं नाव फक्त विजेच्या बिलावर छापून येत होतं.

रेझ्युमे लिहायला भावोजी बसले. ताईचे यजमान एका कंपनीत माणसं भरती करतात, त्यामुळे घरात या विषयातला शेवटचा शब्द त्यांचा.

"रेझ्युमे म्हणजे प्रतिज्ञापत्र नव्हे," ते म्हणाले. "तुम्हा वकिलांचं इथेच चुकतं. सगळं खरं लिहीत बसता."

वकिलांवर हा आरोप मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकला.

"हे काय लिहिलंयस? तारखा घेतल्या? असं लिहितात का कुणी? न्यायालयीन वेळापत्रकाचं नियोजन, असं लिही. आणि हे फायली उचलणं? दस्तऐवज व्यवस्थापन."

"भावोजी, घशाच्या गोळ्यांचं काय करायचं?"

त्यांनी खरोखरच दोन मिनिटं विचार केला. "वरिष्ठांशी समन्वय," ते म्हणाले.

तासाभरात माझी सात वर्षं अशी काही चकचकीत झाली की ही बाई कोण, असा मलाच प्रश्न पडला. तिला मी नक्कीच नोकरी दिली असती. पण भावोजींनी शेवटी पेन टेबलावर आपटलं आणि विचारलं, "आता एक तरी खरी गोष्ट सांग. तू स्वतः, एकटीनं, काय केलंयस?"

तेव्हा मी लिफ्टचं सांगितलं.

एका चार मजली इमारतीत सर्वांत वर एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला, म्हणून आम्ही ऑफिसात त्यांना भूगोलाच्या बाई म्हणायचो. जिन्यात ठेवलेल्या कुंड्यांवरून त्यांचं इमारतीच्या अध्यक्षांशी वाजलं. अध्यक्षांनी लिफ्टला कुलूप ठोकलं आणि बाईंना सोडून सगळ्यांना किल्ल्या वाटल्या. बाईंचे गुडघे गेलेले. त्या कोर्टात आल्या. अखेरच्या सुनावणीच्या दिवशी साहेबांची दाढ ठणकत होती, आणि विरुद्ध बाजू आणखी एका तारखेला तयार नव्हती. मी उभी राहिले. चाळीस मिनिटं बोलले. निकाल आमच्या बाजूनं लागला: लिफ्ट चालू ठेवावी आणि बाईंना वापरू द्यावी. निकालपत्रात वकील म्हणून साहेबांचं नाव छापलं, कारण वकीलपत्र त्यांच्या नावचं होतं.

"साहेबांकडून पत्र घे," भावोजी म्हणाले. "हा युक्तिवाद हिनं केला, अशी एक ओळ."

साहेब लगेच तयार झाले. मन मोठं. "तूच मसुदा कर, मी सही करतो," म्हणाले. मी लिहिलं, "सदर खटल्यात अंतिम युक्तिवाद यांनी केला." साहेबांनी लाल पेनानं दुरुस्त केलं, "युक्तिवादात साहाय्य केलं." मी टाइप करून पुन्हा नेलं. पुन्हा दुरुस्ती झाली, "युक्तिवादाच्या तयारीत साहाय्य केलं." तिसऱ्यांदा पत्र परत आलं तेव्हा त्यात लिहिलं होतं, "सदर दिवशी त्या न्यायालयात उपस्थित होत्या." उपस्थित तर त्या दिवशी पंखाही होता. ते पत्र मी फाडून टाकलं आणि फार बरं वाटलं.

मग मी असं काही केलं जे वकिलांच्या जातकुळीत कुणी करत नाही. रेझ्युमेच्या तळाशी संदर्भासाठी माणसं द्यायची असतात. तिथे सगळे निवृत्त न्यायाधीश, प्राचार्य, गेला बाजार एखादा मोठा वकील देतात. ज्याचा खटला लढवला त्या पक्षकाराचं नाव कुणी देत नाही. का देत नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही. मी भूगोलाच्या बाईंना मेसेज केला, "बाई, नोकरीसाठी तुमचा नंबर देऊ का?" त्यांचं उत्तर आलं, "दे. आणि तुझ्याशी एक बोलायचं होतं." त्यावर मी एक अंगठा पाठवून दिला.

मुलाखत घ्यायला एक मॅडम होत्या. काचेची खोली, काचेचं टेबल आणि त्यांच्या नाकावर काचेचाच जाडजूड चष्मा. त्यांनी माझा रेझ्युमे टेबलावर ठेवला आणि शेजारी पत्ते मांडावेत तसे आणखी तीन.

"लिफ्टचा खटला तुम्ही चालवलात?"

"हो, मॅडम."

"यांनीही चालवलाय. हे तुमच्याच ऑफिसातले." माझ्या शेजारच्या टेबलावरचा लंबू. त्या दिवशी तो खाली साहेबांच्या दाढेसाठी लवंग शोधत होता. "यांनीही. या तुमच्याकडे नंतर लागल्या वाटतं?"

"निकालानंतर चार महिन्यांनी."

"आणि हे चौथे तर समोरच्या बाजूचे वकील. म्हणजे हरलेले. ते लिहितात, नागरी वाहतुकीतील गुंतागुंतीचा खटला हाताळला." मॅडमनी चष्मा काढला. "त्या लिफ्टमध्ये किती माणसांची पाटी होती हो?"

"सहा."

"मग अजून दोघांना जागा आहे."

माझे कान तापले. "मॅडम, तो युक्तिवाद मीच केला. खाली पक्षकाराचा नंबर दिलाय. विचारा त्यांना."

मॅडमनी तळाची ओळ वाचली आणि भुवई वर केली. मग त्यांनी खरंच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"हो, तीच बोलली," बाईंचा वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज खोलीत घुमला. "चाळीस मिनिटं. वकीलसाहेब गालाला रुमाल लावून बसले होते. पोरगी आधी अडखळली, मग छान बोलली. आवाज जरा बारीक आहे. पण अभ्यास होता."

मॅडम माझ्याकडे बघून हसल्या. मी हवेत होते. सात वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं काम माझ्या नावावर सांगत होतं.

"तिला नोकरी द्या," बाई म्हणाल्या. "आणि तिला म्हणावं, लिफ्ट अजून बंदच आहे."

मॅडम म्हणाल्या, "म्हणजे?"

"निकाल लागला त्याच आठवड्यात अध्यक्षांनी लिफ्टवर 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी लावली. आता सगळ्यांनाच बंद. अध्यक्षांना काय, ते पहिल्या मजल्यावर राहतात. दोन वर्षं झाली. ऑफिसात फोन केले, निरोप ठेवले. एकदा तिनंच फोन उचलला होता. सांगते म्हणाली."

मला तो फोन आठवला. मी निरोप चिठ्ठीवर लिहून घेतला, फायलीला टाचला आणि फाइल "निकाली" लिहिलेल्या कपाटात परत ठेवली. कारण खटला संपला होता. आपण जिंकलो होतो. निकाल हातात आला तरी तो अमलात आणायला कोर्टात वेगळा अर्ज करावा लागतो, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असतं. चार माणसांनी ती लिफ्ट रेझ्युमेत मिरवली, आणि ती चालते का हे बघायला एकही गेला नाही. चौघांत मी होते.

मॅडमनी फोन ठेवला. मला वाटलं, आता त्या माझी सालटी काढणार. त्यांनी माझ्या रेझ्युमेवर बरोबरची खूण केली.

"ठीक आहे. युक्तिवाद तुम्हीच केला हे सिद्ध झालं. एक तारखेपासून या."

"पण मॅडम, ती लिफ्ट..."

"ते त्यांचं ते बघतील," मॅडम प्रेमळपणे म्हणाल्या. "आपला संबंध निकालापर्यंत."

मला नोकरी मिळाली होती आणि मला तोंड लपवावंसं वाटत होतं. एक तारखेला बावीस दिवस होते. तिथे रुजू झाल्यावर बाहेरचा अर्ज मला करता येणार नव्हता. मी परत ऑफिसात गेले, निकाली कपाटातून फाइल काढली, अर्ज टाइप केला आणि सहीसाठी तशीच बाईंच्या इमारतीत पोचले.

लिफ्टवर पाटी होती. धूळ इतकी की तिच्यावर कुणीतरी बोटानं मांजर काढलं होतं. शेजारी कुंड्या मात्र टवटवीत. मी चढायला लागले. तिसऱ्या मजल्यावर जिन्याच्या वळणावर एक लाकडी स्टूल ठेवलेलं दिसलं. ते तिथे का आहे हे कळायला मला वेळ लागला नाही. मी त्यावर बसले नाही. बसायची लाज वाटली.

बाईंनी दार उघडलं. मी धापा टाकत होते. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि हात पुढे केला. "बघू, काय लिहिलंयस माझ्याबद्दल."

मी रेझ्युमे दिला. त्यांनी चष्मा लावून भावोजींची ती ओळ मोठ्यानं वाचली, "ज्येष्ठ महिलेला लिफ्टचा हक्क यशस्वीपणे मिळवून दिला." मग उत्तरपत्रिका तपासावी तशी त्या ओळीखाली पेनानं रेघ मारली. खोडली नाही. नुसती रेघ.

"बाई, मी अर्ज आणलाय," मी म्हटलं. "माझं चुकलं. तेव्हाच यायला हवं होतं."

त्यांनी अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, सही केली आणि पेनाचं टोपण लावलं.

"तुझ्याआधी तिघांचे मेसेज आले होते," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना नंबर हवा होता, नोकरीसाठी. प्रत्येकाला मी दे म्हटलं आणि लिफ्टचंही सांगितलं. त्या तिघांनीही अंगठेच पाठवले."