देवीदासची झडती

वच्छलानं एसटीत खिडकीची जागा देवीदासला दिली आणि स्वतः कडेला टेकली. जिचा नवरा आठ दिवसांपासून पोलीस कोठडीत आहे, तिनं आपल्याला खिडकी द्यावी, हेच देवीदासला झोंबलं. पण तो बसला. नाही म्हणायचंसुद्धा तोंड राहिलं नव्हतं.

"भाऊ, दवाखान्यात तुमीच बोलजा," ती म्हणाली. "माह्यानं बोलणं होत नाही, रडूच येते. तुमच्या जिभेवर सरस्वती हाय."

त्या सरस्वतीनंच तर घात केला होता.

देवीदास गावाचा झडतीवाला. पोळ्याच्या दिवशी सजवलेले बैल तोरणाखाली उभे राहिले की झडती म्हणायची, म्हणजे यमक जुळवून कोणाची तरी खेचायची, आणि गावानं वर 'हर हर महादेव' असा गजर करायचा. पाटील असो की आमदार, त्या दिवशी कोणी रागवायचं नाही. चाळीस वर्षं देवीदास तोरणाखाली उभा राहत होता आणि चाळीस वर्षं लोक पोट धरून हसत होते. माणसाला आणखी काय लागतं!

त्या साली गावात पाऊस कमी आणि पाहणी पथकं जास्त आली. कंपनीचं बियाणं उगवलंच नाही. पंचनामे झाले, कागद पंचायत समितीत गेले आणि तिथंच मुक्कामाला राहिले. सभापती सुभद्राबाई. त्यांची पांढरी जीप गावावरून जाताना सगळ्यांना दिसे, गावात थांबताना कोणालाच दिसत नसे. मग देवीदासनं पोळ्यात हात वर करून म्हटलं,

"बी निघालं बोगस, वावर पडलं ओस,
सभापतीन बाईले जीपीचाच सोस;
आली जर गावात तर फोडा तिची काच,
मंग पाहू रस्त्यावर बाईचा नाच!"

लोकांनी ती तीनदा म्हणायला लावली. तिसऱ्या खेपेला 'फोडा' या शब्दावर देवीदासनं गोटा फेकल्यासारखा हातही केला. ते काही ठरवून केलं नव्हतं. गर्दी हसत होती, हात आपोआप गेला.

चौथ्या दिवशी जीप खरंच गावात आली. वडाच्या वळणावर मोतीराम उभा होता. वच्छलाचा नवरा, दोन लेकरांचा बाप, कधी कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्याचं साडेपाच एकर कोरडं गेलं होतं. त्यानं गोटा उचलला, मोठ्यानं झडतीची तिसरी ओळ म्हटली आणि मारला. काच फुटली. बाईंचा डावा डोळा गेला.

पोलिसांनी गावात विचारलं, ही झडती कोणाची? गाव म्हणालं, जुनी आहे साहेब, वाडवडिलांपासूनची. देवीदास त्याच घोळक्यात उभा होता. त्यानंही मान हलवली. बोगस बियाणं वाडवडिलांच्या काळात कुठून आलं, हे विचारायचं पोलिसांना सुचलं नाही. देवीदासला मात्र ते त्या दिवसापासून रोज सुचत होतं, जेवताना सुचत होतं, आणि घास तोंडात फिरत होता.

अकोल्याच्या दवाखान्यात सुभद्राबाई उशीला टेकून बसल्या होत्या. अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी. वच्छलानं जाऊन सरळ पायच धरले.

"बाई, घरवाल्याचं डोस्कं फिरलं होतं. दोन लेकरं हायेत. दया करा."

बाईंनी पाय ओढून घेतले नाहीत, तिला उठवलंही नाही. एका डोळ्यानं देवीदासकडे पाहत राहिल्या. आता बोलायचं होतं. बसमध्ये त्यानं सगळं जुळवून ठेवलं होतं, माणूस चुकतो, आपण मायेच्या ठिकाणी, वगैरे. त्यातलं एकही वाक्य ओठावर येईना.

"देवीदासभाऊच ना तुमी?" बाईच बोलल्या. "तुमच्याकडेच निघाली होती मी त्या दिवशी. जीपीत नारळ होता."

"नारळ?"

"आमच्या सासऱ्यावर दरसाल झडती होये. पोळा झाला की ते स्वतः जाऊन झडतीवाल्याले नारळ देत. राग नाही म्हणून. ड्रायव्हरनं मले तुमची झडती ऐकवली. वाईट वाटलं, 'नाच' म्हटलेलं तर लयच लागलं. पण कागद माह्याच टेबलावर पडून होते, ते खोटं नव्हतं. म्हटलं, रिवाज हाय, जाऊन यावं."

जमीन पोटात घेईल तर बरं, असं देवीदासला झालं.

"त्याइची नोहे जी झडती," वच्छला घाईनं म्हणाली. "जुनी हाय, गावाची."

नवरा आत, आणि ही बाई आपल्यासाठी खोटं बोलते! का, तर आपण तिच्या बाजूनं चार शब्द बोलावे म्हणून. देवीदासला स्वतःची किळस आली.

"माहीच हाय," तो म्हणाला. "हातबी म्याच करून दाखवला, कसा फेकाचा तो."

सुभद्राबाईंनी मान भिंतीकडे वळवली. "मले सांगून माहा डोळा येते का? माफी-बिफी मागू नका. जिथं सांगाचं तिथं सांगा."

परतीच्या बसनं दोघं तालुक्याला उतरली. ठाण्यातल्या जमादारानं सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीत सरसावून बसला.

"म्हणजे ते तुमी! 'जीपीचाच सोस'! लय भारी जमली बा. आमच्या पोरायले पाठ हाय." त्यानं दारातल्या शिपायाला हाक मारली. "पाहून घे, हेच ते झडतीवाले."

चाळीस वर्षांत अशी दाद ऐकून देवीदासची छाती फुगली नाही, असं पहिल्यांदाच झालं.

"साहेब, माहं बयान लिहा."

"पोळ्यातल्या बोलण्याचं कोठं बयान असते? ज्यानं मारला तो आत हाय. घरी जा."

देवीदास हलला नाही. दुपार कलली, तरी बाकावरून उठला नाही. शेवटी जमादारानं वैतागून कोरा कागद त्याच्यापुढं सरकवला. "घ्या, तुमीच लिहा. साहेब आले की देतो."

झडत्या त्यानं कधी कागदावर उतरवल्या नव्हत्या. त्या तोंडात जन्मायच्या आणि गर्दीत विरून जायच्या. आता एकेक शब्द शाईत बसू लागला, तेव्हा त्यात हसण्यासारखं त्याला काहीच सापडेना.

वच्छलाला वाचता येत नव्हतं. "काय लिवलं, वाचून दाखवा," ती म्हणाली.

त्यानं चार ओळी वाचल्या. मग खालचं वाचलं. "मोतीरामनं गोटा मारला. मारा म्हणून तीन वेळा सांगणारा मी, देवीदास. पोलीस गावात आले तेव्हा मी तिथंच होतो आणि खोटं बोललो."

तिनं कागदावर बोट ठेवलं.

"आठ दिवस कावून नाही सांगितलं?"

"भेव वाटलं," देवीदास म्हणाला.

"त्याइलेबी वाटत असंल," ती म्हणाली, "आतमंधी."