पूर्वेच्या वाफ्यातली काकडी

गिऱ्हाइकानं पिशवीतून अर्धी खाल्लेली काकडी काढली आणि गाळ्याच्या फळीवर ठेवली. "बाई, उरलेली तुम्हीच खा."

गाळ्यावरच्या बाईनं चावा घेतला आणि कडू चवीनं तिची जीभ आकसली. एरवी तोंडाला तोंड देते म्हणून बाजारात सगळे तिला ठसकाबाई म्हणायचे. पण त्या दिवशी तिनं गुपचूप दुसरी काकडी काढून दिली.

मग आणखी काहीजण तीच तक्रार घेऊन आले, आणि कुजबूज सुरू झाली. कुणी म्हणे, ही काहीतरी जहाल फवारते. कुणी म्हणे, वेलांना इंजेक्शन देते. ही आवई समोरच्या गाळ्यावरच्या शेजारणीनं उठवली, याबद्दल ठसकाबाईला तिळमात्र शंका नव्हती. दोघींची शेतं बांधाला बांध लागून, गाळे समोरासमोर, आणि गाळ्याच्या जागेवरून भांडण झाल्यापासून बोलणं बंद.

अशात एक दिवस विद्यापीठातल्या संशोधक मॅडम शेतावर आल्या. बुटांना चिखल, हातात माती उकरायची सळई.

"बाजारात कडू काकडीची तक्रार आहे. कारण शोधून देऊ. तुम्हाला खर्च काही नाही."

"फुकट? ते का बरं?"

"आमचं कामच ते. तुम्ही पिकवता, हे गाव खातं. मधे काय बिघडतं ते आम्ही बघतो."

"आणि विष निघालं तर?"

"तर तेही सांगू."

"कुणाला?"

"आधी तुम्हाला."

ते 'आधी' तिच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं. नंतर कुणाला? बाजारसमितीला? की त्या समोरच्या बयेला?

मामंजींना तर हे अजिबात रुचलं नाही. दारात आलेल्या परक्यालाही बसा म्हणणारा माणूस, पण मॅडमना पाहताच आत निघून गेला. जेवताना म्हणाले, "मातीत सळया कशाला खुपसायच्या? घालवून दे त्यांना." नवरा ट्रकवर, विचारायला घरात दुसरं कुणी नाही. मामंजी इतके का अडून बसलेत हे तिला कळेना, आणि कळेना म्हणूनच की काय, ती मॅडमना हो म्हणाली.

काकडीच्या जाळीच्या शेडमधल्या वाफ्यांत ओल मोजणाऱ्या सळया रोवल्या गेल्या. काकड्यांचे क्रेट विद्यापीठात गेले. आणि आपल्या मालाचं तिथे काय होतं ते डोळ्यांनी बघावं म्हणून ठसकाबाई त्यांच्या पाठोपाठ, न सांगता, जाऊन थडकली.

एका लांबट खोलीत फळ्या लावून छोटे छोटे कप्पे केले होते. प्रत्येक कप्प्यात लाल दिवा, एक माणूस, पाण्याचा पेला आणि काकडीच्या फोडींच्या वाट्या. वाट्यांवर नुसते आकडे. शेवटच्या कप्प्यात तिला ओळखीचा अंबाडा दिसला. शेजारीण!

"हिला कुणी बोलावलं?" ती मॅडमवर कडाडली.

"बाजारात पाटी लावली होती, चव घ्यायला माणसं हवीत म्हणून. ज्यांना यायचं ते आले. कुठली फोड कुणाची, ते इथे कुणालाच माहीत नाही."

"आणि हा लाल दिवा? काय लपवताय?"

"रंग. रंग दिसला की माणूस डोळ्यांनीच चव ठरवून मोकळा होतो." मॅडमनी खुर्ची सरकवली. "आलाच आहात तर बसा. तुमचे गुण धरणार नाही, पण चाखून बघा."

ती बसली. पहिली फोड गोड, रसाळ. हीच आपली, तिनं मनाशी ठरवून टाकलं. दुसरी तोंडात घेतली आणि थुंकली. ही त्या बयेची, दुसरी कुणाची असणार!

बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "दोन्ही तुमच्याच. गोड ती पश्चिमेच्या वाफ्यातली, कडू ती पूर्वेच्या. फवारणीचा अंश कशातच सापडला नाही. पण पूर्वेच्या वाफ्यांतली ओल रोज भर दुपारी झपकन उतरते. ऐन उन्हात वेल तहानला की कडवटपणा फळात उतरतो. तुम्ही दुपारी पाणी तोडता का?"

"मी? मी दुपारी बाजारात असते!"

मॅडमनी वहीतले आकडे पुन्हा तपासले, आणि ही बाई खोटं बोलतेय असं त्यांना वाटतंय, हे ठसकाबाईला स्पष्ट दिसलं. ती चडफडत घरी आली. शेजारीण बांध ओलांडून येते आणि व्हॉल्व्ह फिरवते, दुसरं काय?

दुसऱ्या दिवशी तिनं गाळा उघडलाच नाही. जेवणं आटोपल्यावर शेडमध्ये रिकाम्या क्रेटांच्या आड दबा धरून बसली. घामानं पदर भिजला. मग चपला फटफटल्या. त्या चपला ती रोज उंबऱ्यात सरळ करून ठेवायची.

मामंजींनी पूर्वेचा व्हॉल्व्ह बंद केला, कोपऱ्यातला उघडला आणि बांधापलीकडे हळूच हाक दिली, "लाव रे पाइप!" पलीकडे शेजारणीचे सासरे उभे होते.

"मामंजी!"

म्हातारा दचकला. "त्यांची मोटर जळली गं. रोपं करपत होती. दोस्त आहे माझा, बघवेना."

"मला विचारायचं होतंत."

"तू हो म्हणाली असतीस?"

 तिचा एकदम भडका उडाला. "माझी काकडी कडू केलीत तुम्ही! लोक मला विष घालणारी म्हणाले!"

"पाणी तोडल्यामुळे कडू?" मामंजी मटकन क्रेटवर बसले. "मला वाटलं, बियाणंच खराब. सळयांना भ्यालो ते पाणी कुठं जातं हे त्या सांगतील म्हणून. तुझं नाव माझ्यापायी खराब झालं?" त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. तिनं आवाज खाली आणला आणि पूर्वेचा व्हॉल्व्ह पुन्हा उघडला.

तिनं मॅडमना खरं ते सांगितलं. मॅडमनी बाजारात फलक लावला: काकडीत विष नाही, पाणी तुटल्यानं चव गेली होती. पूर्वेच्या वाफ्यांना दुपारचं पाणी सुरू झालं आणि नव्या काकड्या गोड निघाल्या. गिऱ्हाइकं मात्र बिचकतच परत आली. एका आजींनी तर आधी तिलाच फोड खायला लावली. तिनं खाल्ली.

त्या संध्याकाळी ती बांधावर गेली. शेजारीण रोपं खुरपत होती.

"यापुढे पाणी संध्याकाळी सोडीन. माझे वेल प्यायले की."

"कसलं पाणी? मोटर जळली तरी आमच्या टाकीत आहे की."

"ते आमचंच होतं. विचार तुझ्या सासऱ्यांना."

शेजारणीनं खुरपं खाली ठेवलं. "विष फवारतेस असं मी कुणाला बोलले नव्हते."

"मी कुठं म्हटलं बोललीस म्हणून?"

"तोंडावर लिहिलंय तुझ्या."

 ठसकाबाईनं कोपऱ्यातला व्हॉल्व्ह फिरवला. पलीकडे पाइप फुरफुरला. शेजारणीनं ओंजळीत पाणी घेतलं, नाकाशी नेऊन हुंगलं, थोडं बोटांवर चोळून पाहिलं आणि मगच पाइप रोपांकडे वळवला. तिच्या जागी आपण असतो तर आपणही हेच केलं असतं, हे ठसकाबाईला पटलं. ती घराकडे वळली.