इंजेक्शनचं टरबूज

राजापेठेत भगवंत फूलवाल्याकडे हार घ्यायला गेलेला माणूस हार घेऊन यायचा हे खरं, पण धड येईल याची गॅरंटी कोणी देत नसे. एकदा एका नवरदेवाच्या मामाला त्यानं सांगितलं, की खरा निशिगंध उन्हात गुणगुणतो, कान लावून पाहा. मामा भर चौकात हाराला कान लावून पाच मिनिटं उभा. पन्नाशी आली तरी माणसाची खोड काही जाईना.

त्याच्या दुकानाला लागून मुनव्वरचा फळांचा ठेला. कधीकाळी दाराला लावून उरलेला हिरवा ऑइलपेंट त्यानं ठेल्याला फासला, तेव्हापासून अख्खा बाजार त्याला हिरवा ठेलाच म्हणे. मुनव्वर भगवंताच्याही वरताण. भगवंतानं नगरसेवकाच्या सत्काराचा हार गुंफून ठेवला अन् पाणी प्यायला वळला, तेवढ्यात यानं झेंडूच्या मधोमध भरताचं वांगं बांधून दिलं. सत्काराचा फोटो पेपरात आला, वांग्यासकट. बावीस वर्षं हे असंच चालू होतं. डबा एक, चहा एक, शिव्या एकमेकांच्या.

वांग्याचा बदला घ्यायला भगवंतानं एक एप्रिलचा मुहूर्त काढला. ओळखीच्या कंपाउंडरकडून इंजेक्शनची सुई आणली, घरी बीट मिक्सरमधून फिरवून गाळलं. टरबूज मुनव्वरनंच दिलं. दहा टरबुजांना टिचक्या मारून एक निवडलं, पैसे घेतले नाहीत, म्हणाला, भाभीले दे, साखर हाये साखर. त्या साखरेत भगवंतानं सुई खुपसली, सालीवरच्या भोकाचा जवळून व्हिडिओ काढला, मग सुरीनं टरबूज उघडून लालभडक पाणी वाहताना दाखवलं. तोंडावर रुमाल धरून टीव्हीवाल्याचा आवाज काढला: "राजापेठच्या हिरव्या ठेल्यावरचं हे टरबूज पाहा, तुमची लेकरं काय खाऊन राहिली ते पाहा." दहा वाजता व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. चार वाजता एप्रिल फूल म्हणून लिहायचं अन् मुनव्वरचं तोंड पाहायचं, असा बेत.

पण त्या दिवशी तीन लग्नांची ऑर्डर. दोऱ्यातून मान वर निघाली तेव्हा सव्वापाच झालेले. व्हिडिओ तोवर चांदूर रेल्वेला जाऊन परत आला होता, अन् एकटा नव्हता आला. त्याच्याखाली भगवंतानं न लिहिलेल्या ओळी होत्या. त्यानं हिरवा म्हटलं होतं ते पेंटला. लोकांनी हिरव्याचा भलताच अर्थ लावला होता.

ठेल्याभोवती तीसेक माणसं. मुनव्वर एकामागून एक टरबूज कापून दाखवत होता, पाहा, कुठं हाय भोक, पाहा. कोणी पाहत नव्हतं, सगळे मोबाइल धरून उभे होते. मग त्याची नजर बाजूच्या दुकानाकडे गेली.

"भगवंता, तू सांग ना गा याईले. बावीस सालं झाले, तू माह्या बाजूले बसते."

तीस माणसांनी भगवंताकडे पाहिलं. त्याच्या हातात अर्धा हार होता. आता खरं सांगावं, तर हे तीसजण आपल्याच दुकानात घुसतील, असा हिशेब त्याच्या डोक्यात एका क्षणात झाला. त्यानं मान खाली घातली अन् सुईत पुढचं फूल ओवलं.

"मले काय मालूम बाप्पा. मी तं फुलं इकतो."

बस, एवढंच. मारामारी झाली नाही, पोलीस आले नाहीत. फक्त ठेल्यावर कोणी येईना. महिनाभर मुनव्वरनं टरबुजं बकऱ्यांना घातली, मग बायकोच्या माहेरी, अकोल्याला निघून गेला. जाताना भगवंताला कडकडून भेटला. भगवंतानं त्याच्या पाठीवर थाप मारली, अन् ती थाप त्याला स्वतःलाच खोटी लागली.

आता गंमत पाहा. माणसाच्या पोटात दोन गोष्टी एकत्र राहत नाहीत. मी चांगला माणूस आहे ही एक, अन् मी जिगरी दोस्ताचा ठेला उठवला ही दुसरी. दोघींचं रात्रंदिवस भांडण. एकीला घराबाहेर काढावंच लागतं, अन् पहिलीला कोण काढतो? भगवंतानं दुसरीलाच थोडी थोडी घासून काढली. आधी म्हणाला, मी तं मजाक केला, लोकायनं इचका केला. मग पुढच्या वर्षी लॉकडाउन लागला, तेव्हा त्याला हायसं वाटलं. तसाही ठेला बंदच पडला असता ना. मग आठवू लागलं, की मुनव्वर नरम संत्री खाली घालून वर कडक रचत असे. रचतात सगळेच, पण मुनव्वरचं आठवू लागलं. त्याचे फोन आले की, गिऱ्हाईक हाय, मंग करतो, अन् ते मंग कधी आलं नाही. तिसऱ्या वर्षापर्यंत गोष्ट अशी बसली, की धूर निघाला म्हणजे कुठंतरी आग असंलच. चौथ्या वर्षी घरात टरबूज आणणं बंद केलं. बायको माधवीला म्हणाला, आजकाल सगळे इंजेक्शन मारतात, आणू नको. माधवी नुसती पाहत राहिली. बीट तिच्याच मिक्सरमध्ये फिरलं होतं.

सहाव्या वर्षी पोरगी प्रतीक्षा सातव्या महिन्यात होती. तिला दिलेली अकोल्यात, जठारपेठेत. फोनवर म्हणाली, बाबा, मले डोहाळे लागले तं टरबुजाचेच. भगवंत ओरडलाच, की खबरदार, इंजेक्शनचं असते. ती हसली. म्हणाली, मी कुठून बी नाई घेत, मुनव्वरचाचाजवळूनच घेतो, ते मले पैसे बी मागत नाई. डोहाळजेवणाले बलावलं मी त्याईले.

भगवंताची दोन रात्री झोप गेली. तिसऱ्या सकाळी फुलांचे दागिने ओल्या फडक्यात गुंडाळून तो अन् माधवी एसटीत बसले. मुकुट, हार, कंबरपट्टा, बाजूबंद, सगळं स्वतः गुंफलेलं, मोगऱ्याची एक कळी उमललेली नाही. मूर्तिजापूर येईस्तोवर तो फडक्यावर पाणी शिंपत होता अन् मनात वाक्यं रचत होता. मुनव्वर काही बोलला तर हे बोलायचं, ते बोलायचं.

मुनव्वर दारातच उभा होता. दाढी पांढरी झालेली, हातात दोन टरबुजं. ती खाली ठेवली अन् मिठी मारली. अंगणातल्या मांडवात चहा घेताना स्वतःच विषय काढला. म्हणाला, मले पता लागला, तो इडिओ बडनेऱ्याच्या एका पोट्ट्यानं काढला व्हता, त्याले माही जागा पायजे व्हती. रोज शिव्या देतो त्याले, घरवाली जैनबबी म्हणते, आता पुरे.

"असंल," भगवंत म्हणाला. "असे पोट्टे लय हरामी असतात."

बोलला अन् कप खाली ठेवला. बडनेऱ्याचा तो पोट्टा, जो जन्मालाच आला नव्हता, त्याच्यावरही याचं बिल फाडून झालं.

प्रतीक्षाला फुलांत सजवून झोपाळ्यावर बसवलं. बायांनी गाणी म्हटली, ओटी भरली. मग प्रतीक्षा म्हणाली, चाचाचं टरबूज कापा. तिची सासू केशरबाई सुरी घेऊन पुढं आली, टरबुजाकडे पाहिलं, मग मुनव्वरकडे, अन् सुरी ठेवून दिली. बाई मनानं वाईट नव्हती. पण नातवाचा प्रश्न होता. मुनव्वरला म्हणाली, भाऊ, राग मानू नका, पन हे पाहा मले मागच्याच हप्त्यात आलं. अन् मोबाइल पुढं केला.

तोच व्हिडिओ. सहा वर्षांत कुठं कुठं फिरून, गावोगावचे शिक्के खाऊन, रंग उडून आलेला. पण टीव्हीवाल्याचा आवाज तसाच. अन् सालीवरचं भोक दाखवणारं बोट अगदी समोर. उजव्या हाताचं पहिलं बोट, पेरावर दोऱ्याचा खोल वळ. तीस वर्षं हार गुंफणाऱ्या माणसाच्याच बोटाला पडतो तसा. भगवंतानं मांडवात बसल्या बसल्या तो हात मांडीखाली घातला.

केशरबाई व्याह्याकडे वळली. "इवाई, तुमी तं राजापेठचेच. तुमीच सांगा, खरं हाये का हे?"

पुन्हा तसंच. तशीच माणसं गोळा, तसाच मुनव्वर हात लोंबत उभा. फक्त या वेळी हातात ओवायला फूल नव्हतं. त्यानं झोपाळ्याकडे पाहिलं. पोरीचा एक हात पोटावर होता.

"खोटं हाये," भगवंत म्हणाला. "तो इडिओ म्या काढला. सुई म्या मारली. बिटाचं पानी व्हतं. याच्या टरबुजात काईच नोयतं."

मग केशरबाईला हसू फुटलं. तिच्या मागं सगळ्या बाया हसल्या. ती म्हणाली, पाहा बाप्पा आमचे इवाई, डोहाळजेवनात बी मस्करी सोडत नाई. भगवंत म्हणाला, खरंच सांगून राहिलो. तशा त्या आणखी हसल्या. त्यानं मांडीखालचं बोट काढून दाखवलं, वळ दाखवला, बिटाचं सांगितलं, कंपाउंडरचं सांगितलं. जितकं खरं सांगावं तितकं ते खोटं वाटत गेलं. शेवटी केशरबाई त्याच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, समजते मले, दोस्ताचं मन राखून राहिले तुमी, चांगलं हाये. पन पोरीले मी नाई देनार. अन् टरबुजं उचलून मांडवाबाहेर नेऊन ठेवली.

मांडवात तीनच माणसं हसली नव्हती. माधवी पदराच्या टोकाकडे पाहत होती. मुनव्वर जमिनीकडे. अन् प्रतीक्षानं पायानं झोपाळा थांबवला होता. तिनं बापाकडे पाहिलं. मग दंडावरचा बाजूबंद सोडला, दुसऱ्या दंडावरचाही सोडला, अन् दोन्ही परडीत ठेवले. सासूनं विचारलं तर म्हणाली, गरम होते.

भगवंत बाहेर आला तेव्हा मुनव्वर कडुलिंबाखाली बसून टरबूज कापत होता. भगवंत समोर उकिडवा बसला. माफी मागायची होती, पण तीस वर्षं लोकांना हसवणाऱ्या तोंडातून ती कशी काढतात, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

"काहून सांगतलं बे?" मुनव्वर म्हणाला.

"तुले मालूम व्हतं?"

"तुह्या बोटाचा वळ मले अंधारात बी ओळखू येते. पयल्याच दिवशी दिसला."

"अन् तो बडनेऱ्याचा पोट्टा?"

"म्याच पैदा केला त्याले. शिव्या द्याले कोनी तरी लागते ना. तुले देता येत नोयत्या." त्यानं सुरी पँटीला पुसली. "सहा साल मस्त चाललं व्हतं माहं. आता मी कोनाले देऊ, सांग."

"मले दे."

मुनव्वरनं तोंड उघडलं. भगवंत वाट पाहत राहिला. त्याला वाटलं, एक सणसणीत आली तर आपण मोकळे होऊ. मुनव्वरनं तोंड मिटलं, टरबुजाची एक फाक कापली अन् त्याच्या पुढ्यात धरली.

"खा."

सहा वर्षांनी भगवंतानं मुनव्वरचं टरबूज तोंडाला लावलं. साखर होती, साखर. खाली रस ठिबकत होता. मुनव्वर त्याच्या हाताकडे पाहत होता म्हणून भगवंतानंही पाहिलं. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की त्याचं बोट, ते वळाचं बोट, आपल्याआपण फाकेच्या पाठीवरून फिरत होतं. हिरव्या सालीवर, इकडून तिकडं, चाचपत. भोक शोधत.