पाखरीवरची मास्तरीण

अन्नपूर्णा वहिनीची गोष्ट मी सांगायला लागलो की आमच्या घरातले लोक एकेक करून उठून जातात. त्यांची ती शंभरदा ऐकून झाली आहे. माझं त्याला काही म्हणणं नाही. मी रोहिणखेडचा वांगी-मिरच्या पिकवणारा माणूस. फुशारकी मारावी असं माझ्या हातून आयुष्यात काही झालं नाही. वहिनीच्या हातून झालं, आणि ते झालं तेव्हा मी तिच्या शेजारी होतो. मला तेवढं पुरतं.

माझा थोरला भाऊ ऐन तरुणपणी गेला. वहिनीनं चुलीपुढं बसून दिवस काढायचं नाकारलं. सातवी पास झाली, बुलढाण्याला जाऊन ट्रेनिंग केलं आणि गावातल्याच शाळेत मास्तरीण झाली. पुढं महाराष्ट्र राज्य झालं, जिल्हा परिषद आली, आणि नव्या नवलाईत जिल्हा परिषदेनं वहिनीची बदली सावरदरीला केली. सावरदरी म्हणजे आमच्या मळ्यामागचा डोंगर चढून दोन कोस आत. बस नाही, बैलगाडीची वाट नाही. तिथं बिऱ्हाड करावं तर घरी माझी आई अंथरुणाला खिळलेली, आणि वहिनीशिवाय कुणाच्या हातचा घास ती घेत नव्हती.

वहिनी पायी जायला लागली. चाळिशी उलटलेली, अंगानं भरलेली बाई. महिन्याभरात तिचा गुडघा सुजून भोपळा झाला आणि शाळा रोज उशिरा भरायला लागली. सावरदरीचे किसनराव पाटील मलकापूरला जाऊन शाळा तपासणाऱ्या डिप्टीसाहेबांच्या कानी लागले, 'बाई टायमावर येत नाही, आम्हाले बाप्या मास्तर द्या.' साहेबांनी वहिनीला बोलावून सांगितलं, "दिवाळीनंतर मी स्वतः येईन. बाई वेळेवर पोचतात असं दिसलं तर ठीक. नाही तर तुमच्या जागी दुसरा माणूस देईन."

नोकरी जाईल याचं वहिनीला तितकं वाटत नव्हतं. आमच्या मळ्यात तिला पोटापुरतं होतं. पण सावरदरीत तिनं घरोघर फिरून, आयांच्या हातापाया पडून पाच-सहा पोरी शाळेत बसवल्या होत्या. त्या गावात त्याआधी पोरीनं पाटी धरली नव्हती. बाई शिकवते म्हणून बापांनी त्या पाठवल्या होत्या. बाप्या मास्तर आला की दुसऱ्या दिवशी त्या शेण गोळा करायला जाणार, हे वहिनीला पक्कं ठाऊक होतं.

एका संध्याकाळी गुडघ्याला एरंडाचं पान बांधता बांधता ती मला म्हणाली, "भाऊजी, मी घोडं शिकतो."

मला वाटलं, दुखणं डोक्यात गेलं.

"वयनी, या वयात?"

"अठरा वर्साची होऊन मंग शिकू का? ते तर आता जमत नाही."

गावात घोडी एकच होती, शालिग्रामची पाखरी. पांढरीशुभ्र, लग्नातली घोडी. पण दोन वर्षांपूर्वी खामगावच्या एका वरातीत वाजंत्री जोरात सुरू झाली तशी ती नाचता नाचता मागच्या दोन पायांवर उभी राहिली, आणि नवरदेव बाशिंगासकट गटारात गेला. तेव्हापासून तिला कुणी लग्नाला बोलावत नव्हतं. शालिग्राम तिला बाजारात न्यायच्या विचारात होता, ती आम्ही घेतली. 'घोडी विकणं वेगळं, शिकवायची उस्तादी वेगळी,' असं तोच म्हणाला आणि रोज सकाळी मळ्यात हजर व्हायला लागला. शालिग्राम म्हणजे घागरीएवढं काम आणि रांजणाएवढा आवाज असा माणूस; पण घोडं त्याला कळत होतं.

गावाला मात्र काही पटलं नाही. शेजारच्या झुंबरबाईंनी बांधावर उभं राहून सुनावलं, "वरातीची घोडी ते! नवरदेवाच्या जागी कपाळ पुसलेली बाई बसन? काय इपरीत होऊन राह्यलं!"

वहिनी लुगड्याचा कासोटा घट्ट करत म्हणाली, "झुंबरबाई, नवरदेव तर ते पाडते. पाहू, बाईले ठेवते का."

आणि ओट्यावर चढून ती पाखरीवर बसली. बसली आणि पलीकडून उतरली, म्हणजे थेट वांग्याच्या वाफ्यात. माझी चार झाडं मोडली.

पुढचे काही दिवस असेच गेले. वहिनी शाळेतल्या खुर्चीवर बसावं तशी ताठ बसायची आणि लगाम दोन्ही हातांनी ओढून धरायची. पाखरी बिचारी गोंधळून उलटी चालायला लागायची. मग वहिनी वर्गातला आवाज काढायची, "पाखरे, सरळ चाल!" शालिग्राम कपाळावर हात मारून घ्यायचा.

"बाई, लगाम म्हंजे पोट्ट्याचा कान नोहे, का धरला अन् पिळला! हात सैल सोडा. मांडी घट्ट ठेवा. तुमी भेल्या का हात घट्ट होते. अन् हात घट्ट झाला का घोडीले समजते, का वर बसलेलं मानूस भेलं."

"भेली तर हावच मी."

"भ्या ना! भ्याले कोन मना करते? पन हात सैल ठेवून भ्या."

संध्याकाळी वहिनी बदकासारखी फेंगडी चालत घरात यायची, मांड्यांना तेल चोळत बसायची. एकदा ती मला म्हणाली, "भाऊजी, पयलीतल्या पोरायले 'ग' गिरवाले लावतो न मी, तवा त्यायच्या हाताले असंच होत असन. मले वाटे, सोपं तर हाय." त्यानंतर तिनं वर्गात कुणाचा कान पिळला नाही, असं पोरं सांगायची.

श्रावण सरता सरता काहीतरी बदललं. कधी ते मला सांगता येणार नाही. मी नेहमीसारखा तिच्या बाजूनं धावत होतो, पडली तर झेलायला. बांध संपला, मी दमून थांबलो, आणि पाहतो तर ती पुढं गेलेली. हात सैल, पाठ मोकळी, पाखरी दुडक्या चालीनं चाललेली. वहिनीनं वळून पाहिलं नाही. मळ्याचा फेरा घालून परत आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता आणि ती हसत होती. भाऊ गेल्यावर मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. शालिग्राम मला म्हणाला, "पाह्यलं का बे? शिकवलं कोनं?" मी म्हटलं, "अन् धावलं कोन?"

पहिल्यांदा सावरदरीला गेलो तेव्हा आणखी एक खोड कळली. गावाच्या वेशीवर मारुती आहे. पाखरी मारुतीसमोर गेली आणि जमिनीत खुंटा ठोकावा तशी थांबली. टाच मारली, चुचकारलं, गूळ दिला. गूळ खाल्ला आणि उभीच. आमच्याकडं नवरदेव आधी मारुतीच्या पाया पडतो, तो परत घोडीवर बसला की वाजंत्री सुरू होते, आणि मग घोडी मांडवाकडं निघते. जन्मभर पाखरीनं तेच केलं होतं. वाजल्याशिवाय मारुतीपासून हलायचं नसतं, एवढा धर्म तिला ठाऊक होता. शेवटी वहिनीनं आपला जेवणाचा पितळी डबा काढला आणि बोटांच्या पेरांनी त्यावर हलका ठेका धरला. पाखरीनं कान टवकारले आणि निघाली. त्या दिवसापासून रोज मारुतीपाशी डबा वाजायचा आणि शाळा अकराच्या आत भरायची. सावरदरीची पोरं डब्याचा आवाज ऐकून पाट्या घेऊन पळत सुटायची.

दिवाळी झाली. साहेबांचा दिवस ठरला. मला राहवेना, म्हणून मीही पायी बरोबर निघालो. चढण चढून वेशीशी आलो. समोर हाकेच्या अंतरावर शाळेचं अंगण दिसत होतं. स्वागताला पोरं लेझीम-डफडं घेऊन रांगेत उभी, खुर्चीवर साहेब, शेजारी किसनराव. पाखरी मारुतीसमोर थांबली. वहिनीनं पिशवीत हात घातला आणि तिचा चेहरा उतरला.

त्या दिवशी एकादशी होती. वहिनीला उपास. डबा घरी, पदराला फक्त शेंगदाणे.

तिनं खोगिरावर थापा मारल्या. मी टाळ्या वाजवल्या, मग चपला एकमेकींवर आपटल्या. पाखरीनं माझ्याकडं दयेनं पाहिलं आणि उभीच राहिली. तिकडं साहेबांनी खिशातलं घड्याळ काढलेलं मला दिसलं.

"वयनी, उतरा न पायी चाला," मी म्हटलं. "हे काय, चार पावलं तर हायेत."

"उतरली का किसनराव काय म्हनन? घोडीच्या भरवशावर शाळा! आज वेशीत थांबली, उद्या डोंगरात थांबन. तो म्हनन ते खरं होईन, भाऊजी. मी उतरत नाही."

तिचा आवाज कापत होता. पण मी हाताकडं पाहिलं. लगाम सैल होता.

शाळेच्या अंगणातून पोरींनी हे पाहिलं. रोजचा डबा वाजला नाही, बाई अडकल्या, हे त्यांना बरोबर समजलं. त्यांतल्या सगळ्यांत मोठ्या पोरीनं डफडं गळ्यात अडकवलं आणि साहेबांच्या समोरून सरळ वेशीकडं पळत सुटली. मागं बाकीच्या पोरी, त्यांच्यामागं पोरं, सगळ्यांच्या हातांत लेझीम. मी ओरडलो, "वाजवू नका गं! वाजवू नका!" खामगावचा नवरदेव माझ्या डोळ्यांपुढं आला होता. पण कोण ऐकतं? मारुतीसमोर येऊन त्यांनी दणक्यात सुरुवात केली.

डबा वेगळा आणि डफडं वेगळं. पाखरी थरारली. दोन वर्षांत तिनं वाजंत्री ऐकली नव्हती. तिनं मान कमानीसारखी वळवली, जागच्या जागी चार पाय आपटले, आणि पुढचे दोन्ही पाय उचलून ती सरळ उभी झाली. मी डोळे मिटणार होतो. मिटले नाहीत, हे माझं भाग्य. वहिनी पुढं झुकली, गाल पाखरीच्या आयाळीला लागला, मांड्या घट्ट, हात सैल. पाखरी खाली आली, पुन्हा उठली, पुन्हा खाली आली. वहिनी तिच्या पाठीवरच होती. मग पाखरी नाचत नाचत निघाली, पुढं डफडं, दोन्ही बाजूंना लेझीम, आणि वहिनी अशी बसलेली, जणू तिचा जन्मच घोडीवर गेला.

आवाज ऐकून बाया दारांत आल्या. वरात कुणाची ते कुणाला कळेना. पण सवयीनं तानाबाई नावाची एक म्हातारी तांब्या घेऊन पुढं झाली, पाखरीच्या पायांवर पाणी घातलं, तिच्या कपाळाला कुंकू लावलं, आणि नवरदेव पाहायला मान वर केली. वर वहिनीचं कोरं कपाळ. म्हातारीचा हात तसाच राहिला. तानाबाईनं क्षणभर पाहिलं, आणि मग वहिनीच्या पायांवरही पाणी घातलं.

"जा माय," ती म्हणाली, "माही नात बसली हाय तुह्या शाळेत."

वहिनी अंगणात उतरली तेव्हा साहेब घड्याळ हातात धरून उभे होते. त्यांच्या स्वागताची लेझीम दुसऱ्याच्याच वरातीत वाजून गेली होती.

"बाई, अकरा वाजून गेले," ते म्हणाले.

वहिनीनं मान खाली घातली. तेवढ्यात किसनराव खाकरले. हेच ते तक्रारवाले किसनराव. पण घोड्यावर मांड ठोकून बसणारं माणूस पाहिलं की पाटलाच्या जातीला राहवत नाही. त्यांचे डोळे अजून पाखरीवरच होते.

"सायेब," ते म्हणाले, "वरात कधी टायमावर आली हाय का?"

साहेब इतके हसले की त्यांना टोपी काढून घाम पुसावा लागला. दिवसभर त्यांनी वर्ग तपासला, पोरींकडून पाढे म्हणवून घेतले, आणि जाताना म्हणाले, "बाई, सावरदरीला बाप्या मास्तर कशाला? असा बाप्या मला जिल्ह्यात मिळायचा नाही."

येताना मी डोंगर कसा उतरलो ते मला आठवत नाही. छाती एवढी फुगली होती की पायाखालचं दिसत नव्हतं.

वैशाखात किसनराव आमच्या मळ्यात आले. मुलाचं लग्न होतं आणि त्यांना पाखरी हवी होती. मी म्हटलं, "पाटील, ते घोडी वाजंत्रीत उभी होते. तुमचं पोरगं पाडन."

"म्हनूनच आलो," ते म्हणाले आणि वहिनीकडं वळले. "बाई, लगाम तुमी धरान, तरच माहं पोरगं बसन."

वहिनी पाखरीच्या आयाळीतून बोटं फिरवत राहिली. भाऊ गेल्यापासून ती कुणाच्या मांडवात पुढं झाली नव्हती. हळद लागताना ती आतल्या खोलीत बसायची; कुणी तिला बस म्हणायचं नाही, तिला ठाऊक असायचं.

लग्नाच्या दिवशी मारुतीसमोर पाखरीवर नवरदेव बसला. पोरगा घामानं निथळत होता. त्यानं लगामाला मगरमिठी घातली आणि हळूच विचारलं, "बाई, पडनार तं नाही न मी?"

वहिनीनं त्याची बोटं एकेक करून सैल केली, पहिलीतल्या पोराच्या हातातली पेन्सिल नीट करावी तशी.

"भेलास तरी चालन," ती म्हणाली. "हात सैल ठेवून भे."

मग तिनं वाजंत्रीवाल्यांना मानेनं खूण केली, आणि रोहिणखेडची, सावरदरीची सगळी माणसं बघत असताना, झुंबरबाईसुद्धा बघत असताना, वहिनी वरातीच्या सगळ्यात पुढं चालायला लागली.