डबल बेल

आण्णांनी पुढच्या सीटच्या दांडीवर पुन्हा बोटं वाजवली. गाडी व्हीनस कॉर्नरच्या थांब्यावर येऊन उभी राहिली ती उभीच. उतरणारे उतरले, चढणारे चढले, तरी बेल नाही.

"काका, जरा दम धरा की," शेजारचा माणूस वैतागला. "किती चुळबुळ करताय!"

दम कसला धरतायत! उभी हयात याच रस्त्यावर कंडक्टरकी केलेला माणूस तो. स्टेशनपासून रंकाळ्यापर्यंत कुठल्या थांब्याला गाडी किती थांबवायची, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. नुकतेच निवृत्त झाले होते आणि घरात बूड टिकत नव्हतं. त्यात आज स्टेअरिंगवर संग्राम होता, त्यांचा थोरला. अजून पर्मनंट झाला नव्हता. एक तक्रार गेली तरी घरी बसवतील अशी गत. "आण्णा, माझ्या गाडीत तेवढं बसू नका. तुमी मागं हाय म्हटलं की मला काय सुचत न्हाय," असं त्यानं हात जोडून सांगितलं होतं. म्हणून आण्णा तोंडाला मफलर गुंडाळून, त्याचा डोळा चुकवून मागच्या दारानं चढले होते आणि दाराजवळच बसले होते.

कंडक्टर अंजना कांबळे नवीन होती. रोजंदारीवरची. ती पार पुढं, ड्रायव्हरच्या पाठीशी, एका म्हाताऱ्याला सुट्टे देत अडकली होती. मागून दुसऱ्या गाडीनं हॉर्नचा धडाका लावला. आण्णांचा जीव वरखाली व्हायला लागला. खेप लेट झाली की बोलणी खाणार कोण? संग्रामच.

"अगं, बेल मार की पोरी," ते पुटपुटले.

बेलची दोरी त्यांच्या डोक्यावरूनच गेली होती. नजर अंजनावर, आणि हात वर गेला. मुद्दाम नव्हे, डास बसला की जातो तसा गेला. टण् टण्.

गाडी हलली.

मागच्या पायरीवर उशिरानं आलेली फुलवाली शालूबाई एक पाय ठेवून होती. शेवंतीनं भरलेली बुट्टी आधी आत सरकवावी म्हणून वाकलेली. धक्क्यासरशी ती बुट्टीसकट रस्त्यावर आपटली. कुणीतरी किंचाळलं, संग्रामनं करकचून ब्रेक दाबला, आणि उभी माणसं एकमेकांवर कोसळली.

गर्दी व्हायला कितीसा वेळ लागतोय! संग्राम खाली उतरला तोच एकानं त्याची कॉलर धरली.

"डोळं फुटलं काय रं तुझं? बाई मेली असती की!"

"डबल बेल मिळाली मला," संग्राम म्हणाला. "बेल मिळाल्यावर गाडी काढली."

सगळ्यांची तोंडं अंजनाकडं वळली.

"मी न्हाय मारली," ती म्हणाली. तिच्या एका हातात नोटा होत्या, दुसऱ्यात चिल्लर. "देवाशपथ न्हाय मारली. मी पुढं हुतो."

"मग काय भुतानं मारली? नोकऱ्या पायजेत, काम नको!"

"हिची तक्रारच करूया. नंबर घ्या गाडीचा."

अंजना रडली नाही. नुसती प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत राहिली, एखादा तरी म्हणेल, मी बघितलंय म्हणून. आण्णा खिडकीतून हे बघत होते. गप्प बसलं तर संग्राम सुटतोय. बेल मिळाली, गाडी काढली, त्याच्याकडं बोट दाखवायला जागा नाही. बोललं तर ड्रायव्हरचाच बाप गाडीत बसून बेल मारतोय, ही बोंब गावभर होणार आणि पोराची नोकरी जाणार. शेजारचा माणूस त्यांच्याकडंच बघत होता. त्यानं हात वर गेलेला बघितला होता की नाही, कोण जाणे. लाज वाटली स्वतःची. ते उठले.

"तिला सोडा," खाली उतरून आण्णांनी मफलर काढला. "बेल मी मारली."

संग्रामनं त्यांच्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. चकित झाल्यासारखा काही दिसला नाही.

"आजोबा, तुमी पॅसेंजर का कंडक्टर?" कुणीतरी ओरडलं. दोघंचौघं हसली.

शालूबाईचं मनगट टम्म सुजलं होतं. "माझी फुलं गोळा करा आधी," एवढंच ती म्हणत होती. अंजनानं गुडघ्यावर बसून फुलं भरली. आण्णांनी रिक्षा थांबवली, बाईला आत बसवलं, बुट्टी तिच्या पायाशी ठेवली. गर्दी पांगायला लागली तसा त्यांचा राग उसळला. स्वतःवरचाच, पण निघाला पोरावर.

"आरसा कशाला दिलाय रं तुला? भांग पाडायला? बेल कुणी का मारंना, आरशात बघायचं, मग गाडी काढायची. किती येळा सांगितलंय?"

"बघतो की. रोज बघतो," संग्राम म्हणाला. "अंजनाबाईंची बेल असली तर दोनदा बघतो."

"मग आज काय धाड भरली हुती?"

संग्राम कॉलर सारखी करत राहिला.

"तुमी गाडीत हाय हे मला कुठं म्हाईत हुतं, आण्णा? पण ल्हानपणापासनं तुमच्या गाडीतनं हिंडलोय. बेल वाजली आन् कळलं, ही तुमची हाय," तो म्हणाला. "तुमची म्हटल्यावर आरशात कशाला बघू?"